डोळ्यांना दिसणारे कण

आक्का, परवा तुझा तेरावा झाला. जेवणं उरकली, मांडव सोडून टेम्पोत टाकला आणि पाहुणे आपापल्या वाटेला लागले. मी अजून हिर्डोशीतच आहे. तुझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून हे लिहितोय. तू असतीस तर खेकसली असतीस, "अंक्या, उंबऱ्यावर बसू नगंस. आत ये न्हाईतर भाईर जा." मला सध्या दोन्ही जमत नाहीये.

गेले पंधरा दिवस लोक तुझ्याविषयी चांगलंच बोलत होते. कामाची होती, बोलायला सडेतोड होती, कुणाच्या मदतीला नाही म्हणाली नाही. आणि मग आवाज खाली आणून पुढचं वाक्य. "पर हयगय केली बिचारीनं." कुणी म्हणालं, भावकीतल्या लग्नात जिलेबी खाल्ली असेल. कुणी म्हणालं, सुयांचा कंटाळा आला असेल, माणसानं टोचून तरी किती घ्यायचं. सगळे मायेनंच बोलत होते. दहाव्याला धरणाच्या पाण्याकाठी पिंडाला कावळा लगेच शिवला, तेव्हा लोक म्हणाले, सुटली. मी मान खाली घालून उभा होतो. कावळ्याला काय ठाऊक?

मला ठाऊक होतं. आणि मी गप्प होतो.

तू चौदा वर्षांची होतीस आणि मी आठ, तेव्हा आपल्या कामथडीच्या घरात पहिली इन्सुलिनची बाटली आली. त्याआधी महिनाभर तू तांब्या तांब्या पाणी पीत होतीस आणि काडीसारखी झाली होतीस. दवाखान्यातून आल्यावर तू मळ्यातली चार वांगी आणून बसलीस आणि त्यांना सुया टोचायला शिकलीस. आईला बघवेना, आप्पांचे हात कापायचे. म्हणून बाटली उलटी धरायचं काम माझ्याकडं आलं. "नीट धर. हलवू नगंस. बुडबुडा आला तर तुझं कान उपटीन." मी श्वास रोखून धरायचो. आज प्रयोगशाळेत लोक माझ्या स्थिर हाताचं कौतुक करतात. तो हात तू घडवलास, कान उपटायच्या धाकानं.

घरात फ्रीज नव्हता. दवाखान्यातल्या सिस्टरनं आप्पांना सांगितलं होतं, मोठं मडकं घ्या, तळाला वाळू घाला, त्यात लहान मडकं ठेवा, मधल्या फटीत वाळू भरून ओली ठेवा, वर ओलं फडकं टाका. ते मडकं तू देवासारखं सांभाळलंस. लग्नात रुखवत मांडला तेव्हा लाडू, करंज्या आणि विणलेल्या तोरणांच्या मधोमध तू ते मडकं नेऊन ठेवलंस. बायका विचारत होत्या, ह्ये काय गं? तू सांगत होतीस, "माझं औषद." आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आणि त्याआधीचे ते पोहे! आपल्या घरच्यांनी ठरवलं होतं की बघायला येतील तेव्हा सुईचं काही बोलायचं नाही. लग्न होऊ दे, मग बघू. तू ट्रे घेऊन बाहेर आलीस, दाजींच्या पुढ्यात बशी ठेवलीस आणि उभ्या उभ्या म्हणालीस, "मला रोज दोनदा सुई लागती. जन्मभर लागणार. चालत आसंल तर पोहे खावा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या." आप्पांनी डोळे मिटून घेतले. दाजींनी तुझ्याकडं एकदा बघितलं, बशी उचलली आणि सगळे पोहे संपवले. वर म्हणाले, "आजून हायत का?" हे मी आयुष्यभर सांगत आलोय. काही झालं तरी तू खोटं बोलणार नाहीस, हे त्या दिवशी त्या ओसरीवर बसलेल्या प्रत्येकाला कळलं होतं. पुढं मात्र आम्ही विसरलो.

मी भोरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालो आणि पुण्याला प्रयोगशाळेत लागलो. तू सगळ्या हिर्डोशीला सांगितलंस की माझा भाऊ शास्त्रज्ञ आहे. मी तंत्रज्ञ आहे, आक्का. बाटल्या धुतो, वजनं करतो, मॅडम सांगतील ते मिसळतो. पण योगायोग असा की काम नेमकं तुझ्याच दुखण्याचं निघालं. इन्सुलिन नुसतं गिळलं तर पोटातलं आम्ल त्याचे तुकडे करतं, म्हणून तर सुई. आम्ही त्याला कवच घालतो. इतके बारीक कण करायचे की माणसाच्या केसाच्या जाडीवर शेकडो मावतील, आणि प्रत्येक कणाच्या पोटात थोडं थोडं इन्सुलिन. कणानं ते जठरातून सुखरूप न्यायचं, आतड्याच्या अस्तराला चिकटायचं आणि तिथं सोडायचं. शेजारच्या टेबलावर अशाच कणांत कॅन्सरचं औषध भरायचं काम चालतं, म्हणजे ते सगळ्या अंगभर न पसरता गाठीपाशी पोचेल. निदान अपेक्षा तशी आहे.

हे मी तुला पहिल्यांदा समजावलं तेव्हा तू भाताच्या खाचरात वाकलेली होतीस आणि तुझ्या मुठीत एक खेकडा होता. मी म्हटलं, आक्का, आमची कवचं ह्याच्यापासूनच होतात. खेकड्याच्या, कोळंबीच्या कवचापासून एक पूड काढतात. ती पातळ आम्लात विरघळवायची, इन्सुलिन मिसळायचं, मग दुसरं द्रावण थेंब थेंब सोडत राहायचं. पाण्याला निळसर झाक येते, कपड्यांना नीळ घालतो तशी. झाले कण. तू खेकड्याला उलटासुलटा करून बघितलंस. "मंग ती गोळी एकादशीला चालंल का रं?" मी हसत सुटलो. तू हसली नाहीस. तुला खरंच उत्तर हवं होतं.

कधी कधी तुझे प्रश्न आमच्या मॅडमच्या बैठकीतल्या प्रश्नांपेक्षा धारदार असायचे. कणांतलं बरंचसं इन्सुलिन वाटेतच वाया जातं, रक्तात थोडंसंच पोचतं, हे मी कबूल केलं तेव्हा तू म्हणालीस, "म्हंजी आपल्या एष्टीवानी. भोरातनं भरून निगती आन हिर्डोशीला उतरायला दोघंच." अडचण इतक्या सोप्या भाषेत मी अजून कुणाकडून ऐकलेली नाही. कण टिकवण्यासाठी आम्ही ते उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये गोठवतो, आणि गोठताना एकमेकांना चिकटू नयेत म्हणून आधी त्यांत साखर घालतो, हे ऐकल्यावर तर तू कपाळावर हात मारलास. "मला साखर बंद, आन तुज्या कणास्नी साखर! काय न्याय हाय का?" ते उणे ऐंशी मी फार चवीनं सांगायचो. हात घातला तर कातडी चिकटेल, दार उघडलं की धूर निघतो, आमच्याकडं मौल्यवान जे काही आहे ते सगळं बर्फात असतं. तू तोंडाचा आ करून ऐकायचीस आणि मला मोठं झाल्यासारखं वाटायचं.

एक गोष्ट मात्र मी तुला कधी सांगितली नाही. आमच्याकडं नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात ती. कण डोळ्यांना दिसायला लागले तर ते बिघडले. एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे झाले, औषध मेलं, बाटली ओतून टाका. चांगले कण कधी दिसत नाहीत. हे वाक्य मी रोज कुणाला ना कुणाला ऐकवतो. तुला ऐकवलं नाही, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं.

आपलं शेवटचं भांडण गेल्या दिवाळीतलं. तू म्हणालीस, "उंदरांवर कशाला करताय? माज्यावर करा की. म्या भितीय व्हय?" मी म्हटलं, तसं नसतं, आधी जनावरांवर, मग वर्षानुवर्षं परवानग्या. तू म्हणालीस, "तवर म्या म्हातारी व्हईन. एक बाटली गुपचूप आण. कुणाला सांगत न्हाई, तुजी शपथ." मी चिडलो. नोकरी जाईल म्हणालो, जेल होईल म्हणालो, तुला काही कळत नाही म्हणालो. तुझं तोंड एवढंसं झालं. ते बघवेना म्हणून जाता जाता मी म्हटलं, "बरं, बघू." आपल्याकडं बघू म्हणजे नाही, हे कुणालाही कळतं. पण तुला नाही ऐकायचं नव्हतं.

त्याच दिवाळीत मी फ्रीज आणला. टेम्पोतून उतरवताना दाजींच्या अंगठ्यावर पडता पडता राहिला. तू त्याला हळदकुंकू वाहिलंस, आत पाण्याच्या बाटल्या भरल्यास आणि शेजारणींना बोलावून त्याच्या आतला दिवा दाखवलास. मी पडवीतल्या मडक्याकडं बोट दाखवून म्हटलं, "आता हे फेक. शास्त्रज्ञाच्या बहिणीच्या घरात मडक्यात इन्सुलिन? लाज काढशील माझी." चेष्टेनंच म्हटलं होतं, पण थोडी लाज खरी होती. तू ते फेकलं नाहीस. वरच्या धनगरवाड्यावरच्या ठकूबाईला दिलंस. शेळ्या राखणारी ती बाई, तिलाही चार वर्षांपूर्वी तुझंच दुखणं लागलं होतं आणि टोचायला तूच शिकवलं होतंस. तुला मूल नव्हतं. कुणाला काही शिकवायला मिळालं की तू खुलायचीस.

मे महिन्यात वादळवाऱ्यानं तारा तुटत होत्या, लाईट दिवस दिवस जायची. तुझा फोन आला तेव्हा मी यंत्रावर होतो. कणांचा आकार मोजत होतो आणि कितीतरी आठवड्यांनी आकडा मनासारखा येत होता. तू म्हणालीस, "अंक्या, फिरिजचं नुसतं कपाट झालंय बग. मग म्या डोकं लढवलं. बाटल्या वरच्या बर्फाच्या खणात ठिवल्या. लाईट गेली तरी बर्फ टिकतो. तुज्या लॅबमदी बी बर्फातच ठिवतात न्हवं?"

मी म्हणालो, "हां हां. बरं केलंस. नंतर करतो फोन."

ऐकलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. ऐकल्याशिवाय उत्तर कसं दिलं? तुझ्या साध्या बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये गोठणं सोसायला काही नसतं. एकदा गोठलं की त्याच्या गाठी होतात आणि वितळलं तरी ते पुन्हा औषध होत नाही. खोक्यावर लिहिलेलं असतं, गोठवू नये. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. तू सातवी शिकलेली. ते खोकं दर दोन महिन्यांनी माझ्याच हातून तुझ्याकडं यायचं.

साखर बघायच्या पट्ट्या संपल्या होत्या. मी त्या रविवारी आणणार होतो. आकडा चांगला येत होता म्हणून रविवार पुढं ढकलला.

पुढचं मला दाजींनी सांगितलं, तुझ्या सरणापाशी उभं राहून. लग्नाहून आल्यावर तुला तहान तहान व्हायला लागली, मग उलट्या. सगळ्यांना वाटलं, ऊन लागलं. तुझ्या सासूनं, आत्याबाईंनी, कैरीचं पन्हं केलं, तर तू गूळ आहे म्हणून तोंड फिरवलंस. शेवटच्या सकाळी तुझा श्वास वर लागला होता आणि दाजींनी तुला दम दिला. "खरं सांग. सुई चुकवलीस न्हवं?" तू म्हणालीस, "न्हाई वो. घेतली." त्यांनी पुन्हा विचारलं. तू पुन्हा तेच म्हणालीस. मग जीप आली. धरणाच्या कडेची ती वळणावळणाची वाट, आणि भोर यायच्या आधीच सगळं संपलं.

"शेवटपत्तुर खोटं बोलली बग," दाजी म्हणाले. "माज्याशी."

आक्का, तेव्हाच बोलायला हवं होतं. तुझ्या धुरात उभा राहून मी ऐकून घेतलं. का बोललो नाही म्हणतेस? कारण तुला घेऊन घरातून निघण्याआधी पाणी प्यायला म्हणून मी फ्रीज उघडला होता. वरच्या खणात, पांढऱ्या बर्फात रुतून तुझ्या तीन बाटल्या होत्या. तुझा फोन शब्दन्शब्द आठवला. मी चोरासारखं दार लावलं. मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं लक्ष गेलं. सुई घेतली की त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीची एक रेघ ओढायची तुझी चोवीस वर्षांची सवय. रोजच्या दोन रेघा. शेवटचे चार दिवस मात्र तीन, चार, चार आणि शेवटच्या चौकोनात पाच. शेवटची रेघ चौकोनाबाहेर गेलेली. तू चुकवत नव्हतीस. तू मेलेलं औषध पुन्हा पुन्हा टोचून घेत होतीस आणि ते का चालत नाही हे तुला कळत नव्हतं.

मी काय केलं ठाऊक आहे? मे महिन्याचं पान उलटून मागं टाकलं आणि जून पुढं केला. चार दिवसांनी जून लागणारच होता. कुणाला काही वाटलं नाही.

तू कुंकवानं गेलीस. म्हणून तेराव्याला सवाष्ण जेवू घालायची होती आणि आत्याबाईंनी ठकूबाईला बोलावलं. ती बिचारी पहाटेपासून चालत उतरून आली होती. पाटावर बसली, पण ताटातला भात नुसता कालवत राहिली. जेवण झाल्यावर आत्याबाईंनी तिची ओटी भरली. हिरव्या बांगड्या, तुझी आमसुली साडी, तुझ्या चपला. मग त्या उठल्या, फ्रीजपाशी गेल्या, वरच्या खणातून बाटल्या काढल्या आणि पदरानं पुसून साडीवर ठेवल्या. "ह्या बी घिऊन जा. तुलाच लागत्याल. तिच्या नावानं."

बाटल्यांवर अजून बर्फ होता. त्यातली एक दुसऱ्या दिवशी सकाळी ठकूबाईच्या अंगात गेली असती.

आणि तरीही, आक्का, मी पहिल्यांदा जे बोललो ते स्वतःला वाचवून. चेहरा साधा ठेवून म्हणालो, "आत्याबाई, ह्या राहू द्या. जुन्या झाल्यात. मी तिला नव्या आणून देतो." झालं. ठकूबाई वाचली, मीही वाचलो. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

आत्याबाई म्हणाल्या, "जुन्या कशानं? चांगल्या हायत की. तिनं टोचल्याच न्हाईत, म्हणून तर उरल्यात."

बाजूच्या बायकांनी माना डोलावल्या. दाजी खांबाला टेकून बसले होते, त्यांनीही खालीच बघत मान हलवली. ती मान हललेली बघितली आणि मला सहन झालं नाही. पोह्यांची बशी डोळ्यांपुढं आली.

मी उठलो. भिंतीपाशी गेलो आणि जूनचं पान उचलून मे पुढं आणला. "टोचल्या होत्या," मी म्हणालो. "या रेघा मोजा." बर्फाचं सांगितलं, फोनचं सांगितलं, मी बरं केलंस म्हणालो ते सांगितलं. पान मीच उलटलं होतं हेही सांगितलं. बाटल्या उचलून उजेडात धरल्या. त्या वितळायला लागल्या होत्या आणि तळाशी पांढऱ्या कण्या दिसत होत्या, फाटलेल्या दुधासारख्या.

दाजी उठून दिनदर्शिकेपाशी आले. त्यांचं जाड बोट एकेका चौकोनावरून फिरत गेलं आणि शेवटच्या पाच रेघांवर थांबलं.

"म्हंजी ती खरं बोलत व्हती," ते म्हणाले.

"हो."

"म्या दोनदा इचारलं तिला. दोनदा."

मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ते माझ्या बाजूनं चालत गोठ्यात गेले आणि तिथून जो आवाज आला तो त्या तेरा दिवसांत आला नव्हता. आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. "आन तू इतकं दिस गप ऱ्हायलास?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणालो.

मला वाटलं, एवढंच होतं. याहून वाईट काही उरलं नाही. तेवढ्यात ठकूबाई पाटावरूनच हळू आवाजात म्हणाली, "दादा, त्ये तुमचं नवं औषद न्हवतं व्हय?"

मला कळेना. तिनं पदर नीट केला. "आक्का लग्नाच्या आदल्या दिशी वर आली व्हती, मला भेटाया. लई खुशीत व्हती. म्हनली, ठके, कुणाला बोलू नगंस, माज्या भावानं गुपचूप त्याचं औषद धाडलंय. तोंडानं बोलला न्हाई, पर म्या वळखलं. बाटलीत कण दिसाय लागल्यात. बोलू नगंस, त्याची नोकरी जाईल. मंग लग्नात भेटली तवा म्या इचारलं, तोंड का उतारलंय आक्का? तर म्हनली, नवं औषद हाय, लागू पडाय येळ लागत आसंल."

म्हणजे कण तुला दिसले होते. बाटली हातावर घोळवून उजेडात धरायची तुझी सवय, तुला दिसणारच. दुसऱ्या कुणी ती बाटली फेकून दिली असती. तू फेकली नाहीस, कारण तुझा भाऊ कण तयार करतो. कारण भाऊ बघू म्हणाला होता. उलट्या होत असताना, श्वास लागलेला असताना तू ते चार चार, पाच पाच वेळा टोचून घेतलंस आणि दाजींनाही बोलली नाहीस, माझी नोकरी जाऊ नये म्हणून. जन्मात पहिल्यांदा काही झाकून ठेवलंस, तेही माझ्यासाठी.

आक्का, तुझ्याशी भांडायचंय मला. फोन का नाही केलास? एकदा विचारायचं होतंस, अंक्या, ह्ये तुजंच हाय ना रं? एकदा. पण मला ठाऊक आहे, फोनवर बोललं तर कुणी ऐकेल असं तुला वाटलं असणार. आणि फोन केलाच असतास, तर मी म्हणालो असतो, नंतर करतो.

तेराव्याच्याच दुपारी दाजी गोठ्यातून बाहेर आले. डोळे सुजलेले होते. माझ्याशी बोलले नाहीत. मोटारसायकलची चावी पुढं केली आणि ठकूबाईकडं बोट दाखवलं. मी भोरला जाऊन नव्या बाटल्या आणल्या आणि वर पोचवेपर्यंत फ्रीजच्या खालच्या खणात ठेवल्या. त्यांनी मला माफ केलंय का, ते विचारायची माझी छाती झाली नाही. काल दिवसभर ते दिनदर्शिकेसमोर बसून होते. तिला कुणाला हात लावू देत नाहीत. मे महिनाच पुढं आहे.

आज सकाळी मी वर धनगरवाड्यावर गेलो. चढण तुझ्या ओळखीची आहे. ठकूबाईच्या खोपटात कोपऱ्यात, सावलीला, आपलं मडकं होतं. काठाला कामथडीच्या घरात उडालेला तो टवका अजून तसाच आहे. मी ओलं फडकं बाजूला केलं आणि आत हात घातला. गार होतं, आक्का. नुसतं गार. औषधाला हवं तेवढंच. आत तिची चालू बाटली होती, ती काढून मी घोळवून बघितली. दुधासारखी एकसारखी. "रोज वाळू भिजवती," ती म्हणाली. "आक्कानं सांगितलंय तसं. फिरिज कुठनं आणू म्या?"

नव्या बाटल्या मी तिला तिच्या हातानं आत ठेवायला लावल्या. मग तिला समोर बसवलं आणि म्हणालो, "ठकूबाई, एक गोष्ट पाठ करा. बाटलीत कण दिसले, गाठी दिसल्या, तर टोचायचं नाही. कुणीही दिलेली असू दे. मी दिलेली असली तरी."

"कण दिसलं तर टोचायचं न्हाई," ती म्हणाली.

"पुन्हा म्हणा."

"कण दिसलं तर टोचायचं न्हाई. तुमी दिल्यालं आसलं तरी."

एवढंच वाक्य होतं, आक्का. सांगायला एक घोट पाणी पिण्याइतकाही वेळ लागला नाही.